‘प्रभाव पडला’ म्हणजे नक्की काय झालं? : न वाचता येणाऱ्या पोस्टरांबद्दल

सॅन फ्रान्सिस्कोच्या १९६६-६७ मधल्या रॉक पोस्टरांबद्दल काहीही वाचायला घ्या, दोन वाक्यं तुम्हाला भेटतातच. पहिलं : ही पोस्टरं वाचता येत नाहीत. दुसरं : वेस विल्सनच्या अक्षरांवर व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरचा प्रभाव पडला. दोन्ही वाक्यं खोटी नाहीत. अडचण अशी की बहुतेक लेख या वाक्यांपाशी येऊन संपतात आणि खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. तुमच्यापैकी जे दृश्यकला किंवा डिझाइनमध्ये पीएच.डी.ची तयारी करताहेत, त्यांनी आपला सिनॉप्सिस काढून बघा. ‘अमुक सुवाच्य नाही’ किंवा ‘अमुकवर तमुकचा प्रभाव दिसतो’ या साच्याचं एखादं वाक्य त्यात असेलच. व्हायवामध्ये नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं जातं. म्हणून आज ही दोन वाक्यं जरा उसवून बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दोन जागी नियमितपणे रॉक बँडचे नाचाचे कार्यक्रम होत. फिलमोर ऑडिटोरियममध्ये बिल ग्रॅहम ते भरवायचा, तर अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये चेट हेल्म्स आणि त्याचा ‘फॅमिली डॉग’ हा गट. कार्यक्रम बदलला की पोस्टर बदलायचं, म्हणजे चित्रकाराच्या हातात वेळ अगदी थोडा. वेस विल्सन हा यातला सुरुवातीचा माणूस. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, छापखान्यात काम करता करता पोस्टरं काढायला लागला. त्याचं ‘द असोसिएशन’ या बँडच्या जुलै १९६६ च्या कार्यक्रमाचं पोस्टर इंटरनेटवर सहज सापडेल, ते उघडून समोर ठेवा. हिरव्या जमिनीवर लाल ज्वाळा दिसतात. थोडं थांबलात की कळतं, ज्वाळा वेगळ्या आणि मजकूर वेगळा असं तिथे काही नाहीच. अक्षरंच पेटली आहेत.

हे पोस्टर वाचता येतं का? घाईत उत्तर देऊ नका.

शाळेपासून आपण उत्तरपत्रिकेच्या संदर्भात ‘सुवाच्य अक्षर’ ऐकत आलो आहोत, त्यामुळे सुवाच्यता हा अक्षराचा गुण आहे असं आपल्याला वाटतं. रंग गोरा की सावळा, तसं अक्षर सुवाच्य की दुर्वाच्य. छपाईच्या संशोधनात मात्र हा शब्द एकटा कधी वापरता येत नाही. माइल्स टिंकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्याचा मोठा भाग हेच मोजण्यात घालवला आणि १९६३ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. त्याची पद्धत बघा : कोण वाचतंय, किती अंतरावरून, कुठल्या उजेडात, किती वेगाने. सगळा मजकूर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत छापला तर वाचण्याचा वेग घटतो, हा त्याचा एक पक्का निष्कर्ष. पण तो निष्कर्ष सलग मजकुराबद्दलचा आहे. तोच उचलून चार शब्दांच्या पोस्टरला लावला तर तुम्ही टिंकरचा आधार घेत नाही, त्याचं फक्त नाव वापरताय.

दुसरा नेहमीचा आधार बिॲट्रिस वॉर्डचा. १९३० मध्ये लंडनमध्ये दिलेल्या भाषणात तिने छपाईची तुलना वाइनच्या पेल्याशी केली. पेला स्फटिकाचा, पारदर्शक असावा. सोन्याचा झाला की लोक पेल्याकडे बघतात, आतलं पेय दिसतच नाही. दृष्टान्त सुरेख आहे, आणि म्हणूनच तो जिथे लागू नाही तिथेही सर्रास चिकटवला जातो. वॉर्ड मुख्यतः पुस्तकाबद्दल बोलत होती. पुस्तक हातात घेणाऱ्याने वाचायचं आधीच ठरवलेलं असतं. खांबावर चिकटवलेल्या पोस्टरसमोरून जाणाऱ्याने काहीच ठरवलेलं नसतं. त्याला आधी थांबवावं लागतं.

याच मुद्द्यावर ग्रॅहम आणि विल्सन यांचा किस्सा नेहमी सांगितला जातो : ग्रॅहमची तक्रार की हे वाचता येत नाही, आणि विल्सनचं उत्तर की म्हणूनच लोक थांबून बघतील. किस्से संशोधनात जपून वापरावेत, कारण सांगता सांगता ते गुळगुळीत होतात. सुदैवाने इथे किश्श्यापेक्षा भक्कम पुरावा कागदावरच आहे आणि त्याकडे फार कुणी बघत नाही. फिलमोरच्या अनेक पोस्टरांच्या तळाशी तिकिटं कुठल्या दुकानांत मिळतील याची यादी असते. ती बारीक आहे, सरळ ओळीत आहे, आणि साध्या टाइपात आहे. तिथे ज्वाळा नाहीत.

म्हणजे या लोकांना सुवाच्यतेची फिकीर नव्हती, हे म्हणणं टिकत नाही. एकाच कागदावर त्यांनी वाचण्याचे दोन वेग ठेवले. बँडचं नाव रेंगाळत वाचायचं, दुकानाचं नाव झटकन. ज्याला बँडचं नाव उलगडण्याची हौस आहे तोच खाली तिकिटाच्या यादीपर्यंत पोचतो. सगळीच अक्षरं धूसर केली असती तर ती चूस ठरली असती. इथे अवघडपणाची जागा निवडलेली आहे. समीक्षा करताना ‘वाचता येत नाही’ असं संपूर्ण पोस्टरबद्दल लिहू नका, कुठली ओळ कुणाला किती वेळात वाचता येत नाही ते लिहा.

मराठीत यासाठी एक सोय आयतीच आहे, तिचा फायदा घ्या. ‘वाचता येत नाही’ आणि ‘वाचवत नाही’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. अक्षर ओळखू न येणं एक, आणि ओळखू येऊनही डोळा पुढे न सरकणं दुसरं. इंग्रजी पुस्तकांत लेजिबिलिटी आणि रीडेबिलिटी अशी जोडी असते, आणि तिचं भाषांतर ‘सुवाच्यता’ आणि ‘वाचनीयता’ असं केलं जातं. ‘वाचनीय’ म्हणजे आपल्याकडे वाचण्याजोगं पुस्तक, त्यामुळे गोंधळ होतो. मी माझ्या टिपणांत सरळ ‘ओळखू येणं’ आणि ‘वाचवणं’ असं लिहिते. मार्गदर्शक भुवया उंचावतात, पण अर्थ हरवत नाही.

यात सवयीचा वाटाही मोठा आहे. १९९० च्या सुमारास झुझाना लिको या टाइप डिझायनरने हा मुद्दा जोरात मांडला की जे आपण जास्त वाचतो तेच आपल्याला चांगलं वाचता येतं. अक्षरात मूळचं सोपेपण असं फारसं नसतं. पटत नसेल तर घरातला जुना मोडी कागद काढा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दफ्तरात ती रोजची लिपी होती आणि कारकुनाला ती देवनागरीपेक्षा झरझर यायची. आज तोच कागद घेऊन आपण मोडी जाणणाऱ्याचा पत्ता शोधत फिरतो. अक्षरं तीच आहेत, आपण बदललो. सॅन फ्रान्सिस्कोतही उलट दिशेने हेच झालं. दर कार्यक्रमाला नवं पोस्टर बघणाऱ्या तरुणांना ही अक्षरं सवयीची झाली, बाहेरच्यांना ती नक्षी वाटत राहिली. त्यामुळे ‘वाचता येत नाही’ या वाक्यातला लपलेला कर्ता कोण, हे दर वेळी विचारायचं.

अर्थात सगळं सवयीवर ढकलूनही चालणार नाही. (लिकोचं म्हणणं इतकं सोयीचं आहे की विद्यार्थी त्यावर फारच विसंबतात.) डोळ्याच्याही मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादांशी खेळणारा माणूस म्हणजे व्हिक्टर मॉस्कोसो. माझ्या मते या सगळ्यांत विचाराने सर्वात पुढचा.

मॉस्कोसो १९३६ चा. जन्म स्पेनमध्ये गॅलिशियात, वाढला ब्रुकलिनमध्ये, शिकला कूपर युनियन आणि मग येलमध्ये. येलला त्याने जोसेफ आल्बर्सकडे रंगाचा अभ्यास केला. आल्बर्सचं रंगांच्या परस्परसंबंधांवरचं प्रसिद्ध पुस्तक १९६३ चं. त्यात ‘थरथरणाऱ्या कडा’ हा प्रकार आहे : दोन रंग एकमेकांच्या विरोधी, म्हणजे लाल आणि हिरवा किंवा नारिंगी आणि निळा, पण उजळपणा मात्र जवळपास सारखा. असे रंग शेजारी ठेवले की त्यांच्यामधली रेघ थरथरल्यासारखी दिसते.

कारण साधं आहे. बारीक आकार ओळखायला डोळा मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावर अवलंबून असतो, नुसत्या रंगाच्या फरकावर त्याला कड नीट पकडता येत नाही. आजही वेबसाइटसाठीचे सुवाच्यतेचे निकष हाच उजळपणा मोजतात. साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ असं प्रमाण लागतं, आणि त्या हिशेबात लाल की हिरवा याला काही किंमत नाही. मॉस्कोसोच्या या थरथरणाऱ्या जोड्या घेऊन कुठल्याही ऑनलाइन मोजणीयंत्रात टाका, त्या नापास होतील. लॅबमध्ये न जाता स्वतः करून बघता येईल अशी ही गोष्ट आहे, आणि ती करून बघितल्याशिवाय मॉस्कोसोवर लिहू नये असं माझं मत आहे.

मॉस्कोसोने पुढे अनेकदा सांगितलं की शाळेतलं शिक्षण सुरुवातीला त्याच्या आड आलं. अक्षर स्वच्छ हवं, डोळ्याला त्रास देणारे रंग टाळावेत, निरोप झटकन पोचावा, हे सगळं त्याने पाठ केलेलं होतं. पोस्टरं जमायला लागली ती नियम उलटे केल्यावर. हे वाचून आपण लिहून मोकळे होतो : शिष्याने गुरूविरुद्ध बंड केलं. पण आल्बर्सचं पुस्तक उघडून तो भाग वाचा. हा परिणाम डोळ्यांना त्रासदायक आहे, म्हणून तो टाळला जातो, आणि किंचाळणाऱ्या जाहिरातींखेरीज क्वचितच वापरतात, असं तिथे म्हटलं आहे. आता मॉस्कोसो काय करत होता? जाहिरातच ना? गुरूने ज्या एका जागेचा अपवाद नोंदवला त्याच जागी जाऊन त्याने ठाण मांडलं. हे बंड म्हणावं की तंतोतंत आज्ञापालन? मला ते दुसऱ्याच्या जास्त जवळचं वाटतं. मूळ पुस्तक न उघडता मुलाखतींवर विसंबलात तर तुम्हाला फक्त बंड दिसेल.

इथून आपण दुसऱ्या वाक्याकडे आलोच आहोत.

‘रोलरचा विल्सनवर प्रभाव पडला.’ या वाक्याचं व्याकरण बघा. प्रभाव पडतो, जसा पाऊस पडतो. विल्सन खाली उभा आहे आणि भिजतो आहे, करत काहीच नाही. मायकल बॅक्सँडॉल या कला-इतिहासकाराने १९८५ च्या पुस्तकात, पिकासो आणि सेझान यांचं उदाहरण घेऊन, नेमकी हीच तक्रार केली. प्रभाव हा शब्द दिशा उलटी करतो : काम करतो नंतरचा कलावंत, आणि कर्तेपण जातं आधीच्याकडे. त्याचा उपाय सोपा आणि कष्टाचा आहे. ‘प्रभाव’ खोडा आणि नंतरच्या माणसाला कर्ता करून क्रियापद शोधा. उचललं, उसनं घेतलं, वाकवलं, उलटं केलं, थट्टा केली, दुरुस्त केलं, टाळलं. मराठीत अशी क्रियापदं कमी नाहीत. एकदा क्रियापद निवडायची सक्ती झाली की पुरावाही शोधावाच लागतो.

विल्सनच्या बाबतीत पुरावा चांगला आहे. नोव्हेंबर १९६५ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात युगेंडस्टिल आणि अभिव्यक्तिवादी काळातल्या जर्मन पोस्टरांचं प्रदर्शन झालं, आणि त्याच्या कॅटलॉगमध्ये विल्सनने रोलरची अक्षरं पाहिली. म्हणजे साम्य आहे, वाट आहे, आणि कलावंताची स्वतःची कबुली आहे. तिन्ही एकत्र मिळणं हे भाग्य समजा. साम्य एकटं असेल तर सावध राहा, दोन माणसं एकाच अडचणीतून एकाच उत्तराकडे स्वतंत्रपणे पोचू शकतात. शिवाय वाट सापडली तरी काळाचा क्रम तपासायचा असतो. विल्सनची १९६६ ची पोस्टरं महिन्यांच्या क्रमाने भिंतीवर लावा आणि अक्षरं कधी फुगायला लागतात ते बघा. बदल हळूहळू असेल तर तुमचं क्रियापद एक, एकदम असेल तर दुसरं.

आता रोलरकडे. आल्फ्रेड रोलर (१८६४-१९३५) व्हिएन्ना सेसेशनच्या संस्थापकांपैकी एक. त्याचं १९०३ चं, सेसेशनच्या सोळाव्या प्रदर्शनाचं पोस्टर बघा. उभट कागद, आणि इंग्रजीतही तसाच लिहिला जाणाऱ्या ‘सेसेशन’ या शब्दातले तीन ‘एस’ वेलांसारखे लांब खाली उतरलेले. रोलरच्या अक्षरांची युक्ती अशी की प्रत्येक अक्षर आपला चौकोन काठोकाठ भरतं. अक्षराच्या पोटातली पोकळी जवळपास मिटते, उरते ती एक चीर. अक्षराअक्षरांमधलं अंतरही तसंच चिरेएवढं. लांबून बघताना शब्द दिसत नाही, वीट दिसते. पण विटा सरळ रचलेल्या आहेत. ओळ आडवी आहे, कडा उभ्या आहेत. एकदा किल्ली सापडली की पुढचा मजकूर त्याच किल्लीने उघडतो. त्याच वर्षी रोलर व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरात माहलरबरोबर नेपथ्य करू लागला. ते कळल्यावर मला ही अक्षरं रंगमंचावरच्या भिंतींसारखी दिसायला लागली. हा माझा चष्मा आहे, पुरावा नव्हे.

विल्सनने काय केलं? वीट उचलली आणि चौकोन वितळवला. रोलरकडे अक्षर चौकोन भरतं, विल्सनकडे ते कुठलाही आकार भरतं : ज्वाळा, लाट, बाईचे केस. त्यामुळे किल्ली दर अक्षराला बदलते. रोलर डोळ्याला एकदा अडवतो आणि मग सोडतो, विल्सन शेवटपर्यंत अडवत राहतो. म्हणजे पोस्टरांची ती प्रसिद्ध दुर्वाच्यता रोलरकडून आलेली नाही. रोलरच्या सापळ्यातून जे काढून टाकलं त्यातून ती आली. ‘प्रभाव’ या शब्दाने हे कधीच दिसलं नसतं, कारण प्रभाव फक्त साम्य मोजतो आणि इथे सगळं काम फरकाने केलं आहे.

माझी टीका विल्सनवर थोडी आहे, त्याच्या नकलाकारांवर जास्त. आकार अक्षरांनी भरण्याची कल्पना इतकी ताकदवान आहे की ती लवकरच सवय बनते. ज्वाळांचं पोस्टर चांगलं आहे कारण मजकूर आणि आग वेगळे करता येत नाहीत. पण जिथे फुगवटा केवळ जागा भरायला येतो तिथे डोळ्याच्या कष्टांना मोबदला मिळत नाही. पुढे या शैलीचे तयार फाँट निघाले आणि तिथे तर मूळ कल्पनाच मेली. विल्सनचं अक्षर शेजाऱ्याच्या कुशीत शिरण्यासाठी काढलेलं असतं. फाँटमधल्या अक्षराला कुठल्याही शेजाऱ्याबरोबर राहावं लागतं, त्यामुळे ते कुणालाच बिलगत नाही. वळणं राहतात, वीण जाते.

उसनवारीचा आणखी एक प्रकार इथेच घडला, तो थोडक्यात सांगते. सप्टेंबर १९६६ मध्ये आल्टन केली आणि स्टॅन्ली माउस यांनी अ‍ॅव्हलॉनमधल्या ‘ग्रेटफुल डेड’च्या कार्यक्रमासाठी गुलाबांचा मुकुट घातलेल्या सांगाड्याचं पोस्टर केलं. सांगाडा एडमंड सलिव्हनचा आहे, उमर खय्यामच्या रुबायांसाठी त्याने काढलेल्या चित्रांमधला. ते पुस्तक त्यांना सार्वजनिक वाचनालयात सापडलं. इथे क्रियापद ‘उचललं’ हेच आहे, आडपडदा नको. पण रंग, चौकट आणि अक्षरं त्यांची. चित्र तेच राहून त्याचं काम मात्र बदललं : काव्यसंग्रहातलं मृत्यूचं चित्र एका बँडचं चिन्ह झालं. याला तुम्ही विल्सनसारखीच प्रेरणा म्हणाल की दुसरं नाव द्याल? नुसती ‘चोरी’ म्हणून हा भाग उरकणारे प्रबंध मी वाचले आहेत, आणि ‘आंतरसंहितात्मकता’ म्हणून उरकणारेही. दोन्हींत सांगाड्याचं नीट वर्णन सापडत नाही.

मग हे सगळं देवनागरीत करता येईल का? रोलरची युक्ती रोमन कॅपिटलवर चालते कारण ती सगळी अक्षरं एका उंचीची, वर-खाली काही नाही. आपल्याकडे शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. चौकोन काठोकाठ भरायचा तर हे सगळे कुठे जाणार? शिवाय ‘व’ आणि ‘ब’ यांत एका तिरक्या रेघेचा फरक, ‘घ’ आणि ‘ध’ यांत माथ्याचा. पोटातली पोकळी मिटवली की रोमन अक्षर वीट होतं, आपलं अक्षर दुसरंच अक्षर होतं. म्हणून ‘सायकेडेलिक देवनागरी’ म्हणून केलेली बरीच कामं फक्त शिरोरेखा लाटेसारखी वाकवून थांबतात.

याउलट कमल शेडगे (१९३५-२०२०) यांची मराठी नाटकांची शीर्षकं बघा. तिथे नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातच उतरवण्याचा प्रयत्न आहे आणि तरी ते वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या गर्दीत ओळखू यावं लागायचं. ही अडचण सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा वेगळी आहे, खांबासमोर थांबायचं नसून पानावरून नजर फिरवायची आहे. या शीर्षकांची सुवाच्यता कुणाला मोजायची असेल तर दोन गट घ्यावे लागतील : ज्यांना नाटकाचं नाव आधीच माहीत आहे ते, आणि ज्यांनी ते कधीच ऐकलं नाही ते. नाव माहीत असलेला माणूस अक्षरं वाचत नसतो, ओळख देत असतो, आणि त्याचा वेळ वेगळा धरायला हवा. आणि जाहिरात मूळ आकारात, मूळ पानावर, शेजारच्या जाहिरातींसकट दाखवा. कापून, स्क्रीनभर मोठी करून दाखवलीत तर आकडे छान येतील, पण ते दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूचे असतील.